मंगळवारचा कागद

अध्यक्षमहाराज, कौसल्यावहिनी, या वाचनालयात दाटीवाटीने बसलेल्या आणि जागा नाही म्हणून व्हरांड्यात उभ्या राहिलेल्या मंडळींनो,

वीस वर्षं मी अमरावतीच्या कोर्टात उभा राहून बोलतो आहे. बोलणं हा माझा धंदा आहे. पण आज सकाळपासून, सुखदेव तायडे गेला, या वाक्यापुढे मला दुसरं वाक्य सुचत नव्हतं. आता सुचलं आहे, ते माझ्या आधी जे तिघे बोलले त्यांच्यामुळे.

तिघांनीही एकच सांगितलं. तायडे शांत स्वभावाचे होते. तायडे कोणाच्या अध्यात नव्हते, मध्यात नव्हते. खाली मान घालून कोर्टातलं काम करणारे, संध्याकाळी टायपिंगचा क्लास चालवणारे, अजातशत्रू गृहस्थ.

मंडळी, हे खोटं आहे.

तुम्ही मुद्दाम खोटं बोललात असं मी म्हणत नाही. तुम्हाला ठाऊक नाही. पण मला ठाऊक आहे, आणि मी आज गप्प बसलो तर उद्यापासून हेच खरं होऊन बसेल. सुखदेव शांत नव्हता. सुखदेव संतापलेला होता. गेली कित्येक वर्षं तो आतून पेटलेला होता आणि तुमच्या-आमच्यासमोर खाली मान घालून टाइप करत होता. तो संताप त्याने माझ्याकडे ठेवायला दिला होता. मी तो कपाटात बंद करून ठेवला.

म्हणून आज सगळं सांगतो. ऐका.

सुखदेव अकोटचा. वडील जिनिंगमध्ये मजूर. अकोल्याला मॅट्रिक झाला आणि कॉलेजसाठी अमरावतीला आला. तिथे आमची गाठ पडली. मी वकिलाचा मुलगा, पेशकारांच्या घरचा. वर्गात आम्ही शेजारी बसायचो, पण माझ्या घरी तो ओसरीच्या आत कधी आला नाही. मी त्याला सांगायचो, "थांब सुखदेव, आईला हळूहळू समजावतो." तो म्हणायचा, "समजव बापा, मले घाई नाई." आई गेली, तोवर मी हळूहळूच समजावत होतो. हे आज सांगायचं नव्हतं. पण पुढचं कळायला ते सांगावं लागलं.

त्याची शॉर्टहँड म्हणजे चमत्कार होता. पुढे दिल्लीला सरकारी नोकरी लागली. नागपूरला दीक्षा झाली तेव्हा तो रजा घेऊन आला होता, वहिनींना बरोबर घेऊन. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याला परदेशी पाठवलं. पूर्वेकडचा एक देश. नाव मी घेणार नाही, कारण त्याने ते माझ्याजवळही घेतलं नाही. तशी शपथ त्याच्याकडून लिहून घेतली होती. तिथे सरकार आणि बंडखोर यांच्यात लढाई चालू होती. ती थांबावी म्हणून काही देशांनी मिळून एक मंडळ नेमलं होतं. मंडळाचे प्रमुख आपल्या देशाचे. सुखदेव त्या प्रमुखांचा लघुलेखक. प्रमुख बोलतील ते उतरवायचं, टाइप करायचं, सहीला ठेवायचं. बस्स.

युद्धबंदीच्या अटी तयार होत्या. बंडखोरांनी त्या मान्य केल्या होत्या. सरकारने केल्या नव्हत्या. मंडळाने सरकारला ठणकावून सांगायचं होतं की या अटी मान्य करा. एवढंच काम उरलं होतं.

त्या अटींमधली एक अट एका गावाची होती. नदीकाठचं गाव. गावाच्या डोक्यावर टेकडी आणि टेकडीवर सरकारच्या तोफा. गाव बंडखोरांना तांदूळ पुरवतं असा सरकारला संशय. अट अशी होती की त्या टेकडीवरच्या तोफा काढाव्यात.

एका शनिवारी मंडळाची जीप त्या गावाला गेली. पाहणीला गेलेल्या अधिकाऱ्याबरोबर टिपणं घ्यायला सुखदेव होता. निघताना प्रमुखांनी त्याला स्वतः सांगितलं, "तायडे, परत आलात की सरकारला पत्र टाइप करायचं आहे. मंगळवारी ते गेलंच पाहिजे."

गावात पोहोचले तर अर्धं गाव घाटावर. बोचकी, कोंबड्या, म्हातारी माणसं. लोक नदी ओलांडून पळायला निघाले होते. नदीला पूर. होड्या लहान. गावातल्या शाळेचे मोठे गुरुजी, पिकल्या केसांचे, ते सगळ्यांना होडीत बसवत होते. मुलांना शाळेतच थांबवलं होतं, त्यांना शेवटी न्यायचं होतं, पाणी जरा उतरलं की.

गुरुजींनी दुभाष्याला विचारलं, हे कोणत्या देशाचे? दुभाष्याने सांगितलं. गुरुजी सुखदेवकडे वळले, हात जोडले आणि म्हणाले, बुद्धं सरणं गच्छामि. उच्चार वेगळे, चाल वेगळी, पण शब्द तेच. सुखदेवने ते शब्द नागपूरला काही दिवसांपूर्वीच पहिल्यांदा आपले म्हणून उच्चारले होते. मला सांगताना तो म्हणाला, "दत्तू, हजारो मैलावर एक म्हातारा माया तोंडातलं वाक्य बोलून राहिला होता. म्या पुढचं म्हटलं. मंग तिसरं आमी दोघांनी संगं म्हटलं."

मग गुरुजींनी विचारलं, "आम्ही जावं की थांबावं?"

अधिकारी म्हणाला, आम्हाला सल्ला देण्याचा अधिकार नाही. त्याचं बरोबर होतं. नियम तसाच होता. मग गुरुजींनी सुखदेवकडे पाहिलं. समोर पूर आलेली नदी, एक होडी नुकतीच कलंडता कलंडता वाचलेली. आणि सुखदेव, टाइप करणारा एक माणूस, म्हणाला, "थांबा. मंगळवारी कागद येतो."

लोक घाटावरून परत फिरले. त्याच्या शब्दावर परत फिरले. एका बाईने जाता जाता त्याच्या हातात चिकट भाताचा एक मुटका ठेवला.

आता मंगळवारच्या कागदाचं काय झालं ते सांगतो. हे मी ऐकीव सांगत नाही. सुखदेवची वही माझ्याकडे आहे. कोणता मसुदा कधी झाला, त्यात कोणता शब्द खोडला, कोणता घातला, सगळं त्या वहीत आहे. पुढे रविवारी रविवारी माझ्या टेबलाशी बसून तो शॉर्टहँड वाचायचा आणि मी मराठीत लिहून घ्यायचो.

पहिला मसुदा असा: "या अटी आठवड्याच्या आत मान्य कराव्यात असा मंडळाचा आग्रह आहे. नदीकाठच्या गावावरील टेकडीवरून तोफा तात्काळ हटवाव्यात." सुखदेवने सोमवारी टाइप केला. मंगळवारी तो गेला नाही.

प्रमुखांनी तो पुन्हा वाचला. म्हणाले, आग्रह हा शब्द जड होतो आहे. दुसऱ्या मसुद्यात आग्रहाची विनंती झाली. 'तात्काळ' गेलं, 'शक्य तितक्या लवकर' आलं. तोफांच्या 'लष्करी हालचाली' झाल्या. तो मसुदा वर विचारायला तारेने पाठवला. वरून उत्तर आलं, परिस्थिती नाजूक आहे, दबाव आणल्याचं दिसू नये. तिसऱ्या मसुद्यात विनंतीची आशा झाली. सरकार अनुकूल विचार करील अशी मंडळाला आशा वाटते. लष्करी हालचालींच्या 'संबंधित बाबी' झाल्या.

मंडळी, ऐकताय ना? तोफा. मग लष्करी हालचाली. मग संबंधित बाबी. टेकडीवरची तोफ एक इंचभर हलली नव्हती. कागदावरून मात्र ती नाहीशी झाली.

तिसऱ्या मसुद्याच्या वेळी सुखदेव बोलला. लघुलेखकाने बोलायचं नसतं, तरी बोलला. "साहेब, गावातले लोक थांबले आहेत." प्रमुख वाईट माणूस नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे, कारण सुखदेव नेहमी सांगायचा. सभ्य, वाचन असलेला, हाताखालच्यांशी गोड बोलणारा माणूस. ते म्हणाले, "तायडे, आपण इथे पाहुणे आहोत. आज आपण त्यांना दाबलं तर उद्या ते आपल्याला जा म्हणतील. आपण गेलो तर इथे पाहायलाही कोणी राहणार नाही."

हे कारण खोटं नव्हतं. मी वकील आहे, मला चांगलं कारण ओळखता येतं. फार चांगलं कारण होतं ते. पण मला एवढंच विचारायचं आहे, पाहायला राहायचं ते काय पाहायला?

दुसरा मंगळवार उजाडला. चौथ्या मसुद्यावर सही झाली. त्यात सुरुवातीलाच एक नवं वाक्य होतं, "सरकारच्या अडचणींची मंडळाला पूर्ण जाणीव आहे." कागद गेला. दहा दिवसांनी का होईना, मंगळवारीच गेला.

बुधवारी सकाळी शाळा भरली होती. तेव्हा टेकडीवरच्या तोफा सुरू झाल्या.

गुरुवारी मंडळाच्या कचेरीत सरकारचं उत्तर आलं. मंडळाने दाखवलेल्या समजूतदारपणाबद्दल सरकार आभारी आहे, आणि पत्राचा योग्य तो विचार चालू आहे. आभारी आहे! त्याच दिवशी जीप पुन्हा त्या गावाला गेली. टिपणं घ्यायला सुखदेवच. काय पाहिलं ते त्याने मला सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं. तो दोन्ही वेळा उठून खिडकीशी गेला. एवढंच म्हणाला, "गुरुजी दारात होते. पोरायच्या पुढं. दार अडवून."

आणि तीन आठवड्यांनी, मंडळी, त्या सरकारने अटी मान्य केल्या. त्याच अटी. एक स्वल्पविराम बदलला नाही. जे पहिल्या मंगळवारी ठणकावून मागायचं होतं, ते त्यांनी आपल्या सवडीने, आपलं काम उरकून, हसत हसत देऊन टाकलं. फोटो निघाले. सगळ्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले.

त्यानंतर अहवाल लिहायला घेतला. प्रमुख सांगत होते, सुखदेव लिहीत होता. एक वाक्य आलं: "मंडळाने वेळीच आणि यथोचित प्रयत्न केले." सुखदेवने पेन्सिल खाली ठेवली. म्हणाला, "साहेब, हे वाक्य मी लिहिणार नाही."

तुमचा शांत स्वभावाचा, खाली मान घालणारा माणूस! त्या खोलीत केवढाले अधिकारी बसले होते. आणि अकोटच्या जिनिंगमधल्या मजुराचा मुलगा म्हणाला, लिहिणार नाही. प्रमुख म्हणाले, "तायडे, भावनेच्या भरात काम करू नका." सुखदेव म्हणाला, "वेळीच हा शब्द काढा, मी लिहितो." त्यांनी शब्द काढला नाही. दुसऱ्या माणसाकडून ते वाक्य लिहून घेतलं. सुखदेवला प्रकृतीच्या कारणावरून परत पाठवलं. त्याची प्रकृती ठणठणीत होती.

पुढे ती नोकरी टिकली नाही. तो अमरावतीला आला, कोर्टात लागला, क्लास काढला. हे तुम्हाला माहीत आहे. जे माहीत नाही ते हे, की आल्या आल्या तो वही घेऊन माझ्याकडे आला. आता आमच्या घरात त्याला अडवणारं कोणी नव्हतं. तो माझ्या खोलीत आला, खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "दत्तू, हे छापायचं हाय. तुये अकोल्याच्या साप्ताहिकवाल्याशी संबंध हायेत."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "थांब. तू शपथ लिहून दिली आहेस. आपण नीट विचार करू." त्याने विचार करायला मला काही वर्षं दिली. पुन्हा विचारलं. तेव्हा सीमेवर लढाई पेटली होती. मी म्हणालो, "थांब. अशा वेळी आपल्याच माणसांविरुद्ध लिहिणं बरं दिसणार नाही." लढाई संपली. त्याने तिसऱ्यांदा विचारलं. मी म्हणालो, "थांब. आता तुझी कोर्टातली नोकरी बसली आहे."

तो चिडला नाही. फक्त म्हणाला, "दत्तू, काहून रे, तू बी मंडळातच होता का?"

मंडळी, मी त्या प्रमुखाला इतका वेळ नावं ठेवली. मी कोण? मी आणि तो सख्खे भाऊ आहोत. तो सरकारला हळूहळू समजावत होता, मी आईला हळूहळू समजावत होतो. त्याच्याकडे चांगली कारणं होती, माझ्याकडेही होती. आम्ही दोघांनी कोणाला कधी दुखावलं नाही. आम्ही दोघांनी कधी आवाज चढवला नाही. आणि दोन्हीकडे थांबायचं कोणी? सुखदेवने. त्या गावाने. शाळेतल्या मुलांनी. ज्यांच्याकडे थांबायला वेळ नसतो, त्यांनाच आम्ही थांबायला सांगत आलो.

गेल्या महिन्यात त्याला सरकारी दवाखान्यात ठेवलं. छातीचं दुखणं. मी रोज दुपारी जायचो. शेवटच्या दिवसांत त्याने वहीचं नाव काढलं नाही. त्याने नाव काढलं असतं तर बरं झालं असतं. मलाच राहवलं नाही. मी त्याचा हात धरून म्हणालो, "सुखदेव, वही नक्की छापायला देतो. अगदी या महिन्यात देतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओठ सुकले होते. म्हणाला, "मंगळवारी का?"

त्याने हे टोचून म्हटलं नाही. खरोखरच विचारलं. ते मला जन्मभर पुरेल.

परवा तो गेला. काल सकाळी पहिल्या एसटीने मी अकोल्याला गेलो आणि वहीची नक्कल संपादकांच्या हातात दिली. संपादकांनी दोन तास लावून वाचली. त्यांचे डोळे भरून आले. आणि मग ते काय म्हणाले? "वकीलसाहेब, प्रसंग मोठा आहे, जरा थांबून छापलं तर?"

संपादक महाशय, तुम्ही दुसऱ्या रांगेत बसला आहात. खाली पाहू नका. मी तुम्हाला नावं ठेवायला इथे उभा नाही; तुम्ही काल जे म्हणालात ते मी तीनदा म्हणालो आहे. पण आता नाही. येत्या अंकात ते आलं पाहिजे. शब्द बदलायचे नाहीत. तोफेला तोफ म्हणायचं. लेखाखाली माझं नाव घाला, दत्तात्रय पेशकार, वकील, अमरावती. शपथ सुखदेवने दिली होती, मी दिलेली नाही. कोणाला खटला भरायचा असेल तर भरू द्या. कोर्ट कुठे आहे ते मला माहीत आहे. तुम्ही छापलं नाहीत तर मी धामणगावला छापून घेईन, तिथे नाही तर हातांनी नकला करून या हॉलच्या दारावर चिकटवीन. सुखदेवच्या क्लासमधल्या सगळ्या मुली इथे आहेत, त्यांना टाइप करता येतं.

झालं. आता एकच गोष्ट राहिली.

वहीच्या शेवटी तीन पानं आहेत. ती मी कधी मराठीत उतरवली नाहीत, कारण सुखदेवने ती मला वाचून दाखवली नाहीत. आज सकाळी मी वहिनींना विचारलं, ही पानं कसली? वहिनींनी वही हातात घेतली. त्यांना शॉर्टहँड येते, सुखदेवनेच शिकवली. एकेका ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "नावं हायेत, भाऊ."

त्या गुरुवारी, त्या गावात, जे वाचले होते त्यांच्यातला एकजण शाळेतल्या मुलांची नावं सांगत होता. सुखदेवला त्यांची लिपी येत नव्हती. भाषा येत नव्हती. पण शॉर्टहँड आवाजाची असते. त्याने प्रत्येक नाव जसं कानावर आलं तसं उतरवून घेतलं. वहिनी सांगतात, ही यादी टाइप करून त्याने अहवालाला जोडायला दिली होती. ती परत आली, वर शेरा होता, आवश्यकता नाही.

मी वहिनींना म्हटलं, ही आज सभेत कोणीतरी वाचली पाहिजे, पण तुम्हाला कसं सांगू? वहिनी म्हणाल्या, "मले येते वाचता. मीच वाचीन. त्याईनं कोनासाठी लेहून ठेवलं मंग?"

तेव्हा मंडळी, सुखदेव तायड्यांना श्रद्धांजली म्हणून आपण उभे राहू. दोन मिनिटं मोजायची नाहीत. वहिनींना जितका वेळ लागेल तितका वेळ उभं राहायचं. नावं आपल्या कानाला परकी लागतील. उच्चार चुकतील. चुकू द्या. मधे कोणी खोकू नका, कोणी घड्याळ पाहू नका.

वहिनी, या. इथे उजेडाला उभ्या राहा.

वाचा.